घराभोवतीची बाग (लेखांक ६) : नकाशाआधीचं बोलणं

जमिनीचा उतार आणि पाण्याचा निचरा मागच्या लेखांकात पाहिला. आता नकाशा काढायचा, पण त्याआधी एक वाद मिटवायला हवा : बाग ठरवायची कुणी? काहींच्या मते घरमालकाने पैसे मोजावेत आणि बाजूला व्हावं, काय ते लँडस्केप आर्किटेक्ट बघेल. उलट काहींना वाटतं, मालक सांगेल ते झाड सांगेल तिथे लावून देणं, एवढंच त्याचं काम. बाग एकदा ठरली की संपलं, असं हे दोघंही धरून चालतात. पण भिंत बांधली की तशीच राहते, झाड राहत नाही. आज लावलेल्या रोपाची खरी सावली दहा वर्षांनी पडणार आणि तोवर त्याला पाणी घालणारा माणूस घरातलाच असणार. त्याला विचारल्यावाचून केलेली आखणी कागदावर कितीही देखणी असली तरी अपुरीच.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमधली डंबार्टन ओक्सची बाग या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मिल्ड्रेड आणि रॉबर्ट ब्लिस या दांपत्याने १९२० साली ती जागा घेतली आणि पुढच्याच वर्षी बीट्रिक्स फॅरंड यांच्याकडे काम सोपवलं. अमेरिकेतल्या लँडस्केप आर्किटेक्टांची संस्था १८९९ मध्ये ज्या अकरा जणांनी स्थापन केली, त्यांतल्या या एकट्या बाई. अधिकार त्यांच्याकडे भरपूर होता. रॉबर्ट ब्लिस मात्र राजनैतिक सेवेत, आधी स्वीडनला, मग अर्जेंटिनाला; त्यामुळे मालकीणबाई वर्षानुवर्षं समुद्रापार. फॅरंडबाईंना परस्पर उरकून टाकणं सहज जमलं असतं. त्यांनी जून १९२२ मध्ये जागेच्या एकेका भागाविषयीच्या आपल्या कल्पना लिहून पाठवल्या आणि पुढे पत्रव्यवहार चालू ठेवला. घरालगत आखीवरेखीव आणि ओढ्याकडे उतरताना मोकळी होत जाणारी ही बाग अशी लिहीत-वाचत घडली. दगडाचं काही कायमचं बसवण्याआधी त्याचा पूर्ण आकाराचा नमुना जागेवर उभा करून पाहायचा, ही फॅरंडबाईंची रीत मला सगळ्यात मोलाची वाटते. नकाशा सगळ्यांना वाचता येत नाही; समोर उभी असलेली वस्तू उंच झाली की बुटकी, हे कुणालाही सांगता येतं.

हे श्रीमंतांचे चोचले, असं कुणी म्हणेल. ब्लिस दांपत्य गडगंज होतं, हे खरंच. पण पैसा लागला तो दगडाला आणि मजुरीला; विचारण्याला आणि नमुना उभा करण्याला फारसा लागत नाही. आपल्याकडे पायाची आखणी फक्की मारून करतात. वाफा, पायवाट, बसायचा कट्टा हेही फक्कीने आखून आणि चार बांबू रोवून आठवडाभर त्यातून वावरता येईल.

मालकाच्या हौसेपायी रचना बिघडते, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. तशी ती बिघडतेही, पण बहुतेक वेळा प्रश्नच चुकीचा विचारलेला असतो म्हणून. कोणती झाडं हवीत असं विचारलं की मालक नर्सरीतली यादी वाचून दाखवतो. चहा कुठे पिता, कपडे कुठे वाळत घालता, गाडी कुठून वळते, पाणी घालायला कुणाला वेळ आहे, हे विचारलं तर कामाची उत्तरं मिळतात. कॅलिफोर्नियातले थॉमस चर्च याच मताचे. त्यांच्या १९५५ च्या पुस्तकाचं नावच ‘बागा माणसांसाठी असतात’ अशा अर्थाचं आहे. मालकाची उत्तरं झाडांत आणि दगडांत कशी उतरवायची, हा निर्णय मात्र रचनाकाराचाच. तिथे मालकाने हट्ट सोडावा.

डंबार्टन ओक्स १९४० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला दिली गेली. त्यानंतर फॅरंडबाईंनी निगा राखणाऱ्यांसाठी एक पुस्तकच लिहून ठेवलं : कुठे काय आणि का लावलं आहे, एखादं झाड गेलं तर त्या जागी काय चालेल. आपल्याकडे बाग ताब्यात देताना असे दोन कागद तरी मागून घ्यावेत.

पुढच्या लेखांकात झाडांच्या जागा ठरवू. तोवर वाचकांनी आपल्या आवारात सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता ऊन कुठवर येतं, ते एका कागदावर टिपून ठेवावं.