शेजारधर्म आणि मोबदला

2019 च्या जून महिन्यात चेन्नई शहराला पाणी पुरविणारे पूंडी, चोळवरम, रेड हिल्स आणि चेंबरंबाक्कम हे चारही जलाशय जवळजवळ कोरडे पडले. जुलैमध्ये जोलारपेट्टैहून रेल्वेने पाणी आणावे लागले. गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर येताच रंगीबेरंगी प्लॅस्टिकच्या घागरींची रांग लागे. 15 लिटर पाणी म्हणजे 15 किलो वजन. ते घेऊन जिने चढणे धडधाकट माणसालाही जड जाते. मग वृद्धांची काय कथा!

समजा, अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते आणि तेथे लिफ्ट नाही. तळमजल्यावरचा 16 वर्षांचा मुलगा त्यांची घागर वर पोहोचवितो. आजोबा खिशातून दहा रुपये काढून पुढे करतात. मुलाने ते घ्यावेत काय?

आपल्याकडे या प्रश्नाचे उत्तर सहसा तत्काळ मिळते. शेजाऱ्याच्या कामाचे पैसे घ्यायचे नसतात, तो शेजारधर्म होय, असे घरातील मोठी माणसे सांगतात. पहिल्या दिवसापुरते हे उत्तर योग्यच आहे. परंतु टँकर दुसऱ्या दिवशीही येतो, तिसऱ्या दिवशीही येतो. आठवड्याभरात ती घागर त्या मुलाचे नित्याचे काम होऊन बसते. एखाद्या दिवशी तो आला नाही, तर "आज कुठे होतास?" अशी विचारणा होते. ज्या कामाचा जाब विचारला जातो, त्याला मदत म्हणावे काय?

मदत आणि कमाई यांतील हा भेद एका चळवळीने फार पूर्वीच ओळखला होता आणि तिचा चेन्नईशी निकटचा संबंध आहे. ही चळवळ म्हणजे बालवीर, म्हणजेच स्काउट चळवळ. भारतात ती प्रथम युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांपुरतीच होती. ॲनी बेझंट यांनी जॉर्ज अरुंडेल यांच्या साहाय्याने 1916 च्या सुमारास मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, भारतीय मुलांसाठी स्वतंत्र स्काउट संघटना उभारली. 1921 मध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा ती मूळ संघटनेत विलीन झाली. स्काउटने रोज एक तरी सत्कृत्य करावे आणि त्याबद्दल बक्षिसी स्वीकारू नये, अशी या चळवळीची शिकवण आहे. तथापि तिच्यातच 'खरी कमाई' नावाचा उपक्रमही आहे. त्यात मुले ओळखीच्या घरी जाऊन अंगण झाडणे, बूट पुसणे, बागेला पाणी घालणे अशी कामे मागतात आणि त्यांचे पैसे घेतात. ब्रिटनमध्ये असाच उपक्रम 1949 मध्ये सुरू झाला. काम झालेल्या घराला 'काम झाले' अशी चिठ्ठी दिली जाई, म्हणजे दुसऱ्या मुलाने तेथे जाऊ नये.

या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतील. पण तशा त्या नाहीत. सत्कृत्य करणाऱ्याने मोबदल्याची अपेक्षा ठेवू नये आणि कमाई करणाऱ्याने मेहनतीशिवाय पैसा घेऊ नये. कोणते काम कोणत्या खात्यात जमा करायचे, हे आरंभीच ठरलेले असले म्हणजे झाले. गोंधळ होतो तो दोन्हींची सरमिसळ केल्यामुळे. उरी ग्निझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अर्थशास्त्रज्ञांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. इस्राएलमधील शालेय विद्यार्थी घरोघरी जाऊन समाजकार्यासाठी देणग्या गोळा करीत होते. त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला काहीच द्यायचे नव्हते, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के मोबदला संशोधक स्वतःजवळून देणार होते. सर्वाधिक देणग्या विनामोबदला फिरणाऱ्या मुलांनी जमविल्या आणि सर्वांत कमी एक टक्का मिळणाऱ्यांनी! क्षुल्लक मोबदल्याने सेवेचा आनंद गेला आणि कमाईचे समाधानही मिळाले नाही. आजोबांच्या दहा रुपयांचेही असेच होण्याचा संभव आहे.

आता आपल्या व्यवहारातील एक विसंगती पाहू. तोच 16 वर्षांचा मुलगा शेजाऱ्याच्या मुलाला गणित शिकवू लागला, तर त्याला दरमहा शुल्क देण्यात कोणालाही वावगे वाटत नाही. घागर वाहण्याचे पैसे मागितले, तर मात्र तो हिशेबी ठरतो. बुद्धीच्या कामाला दाम आणि अंगमेहनतीला केवळ शाबासकी, ही आपली जुनी खोड आहे. आणि घागर वाहणारी मुलगी असेल, तर शाबासकीदेखील मिळेलच असे नाही. पाणी भरणे हे तिचेच काम, असे गृहीत धरलेले असते.

या खोडीची मुळे खोल आहेत. महाराष्ट्रातील महार वतनात गावाची व सरकारी कामे तुटपुंज्या मोबदल्यावर करून घेतली जात. वतनदार हजर नसेल, तर त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला राबावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याविरुद्ध 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले; ही वतने नष्ट करणारा कायदा पुढे 1958 मध्ये झाला. भारतीय संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी अशी वेठ भोगली, त्यांना 'फुकट मदत' हा शब्द इतरांइतका गोड वाटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

कायदा वयाचाही विचार करतो. 14 वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवण्यास ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे. 2016 च्या दुरुस्तीनंतर या वयाच्या मुलांना, शाळा सांभाळून कुटुंबाला मदत करण्यासारखे काही अपवाद वगळता, कोणत्याही कामावर ठेवता येत नाही. पैसे दिले म्हणून असे काम वैध ठरत नाही. 14 ते 18 वर्षांच्या किशोरांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यास मनाई आहे.

आपल्यापैकी कित्येकांनी या वयात कोणाच्या तरी घरी पाणी भरले असेल, भांडी घासली असतील, आणि कदाचित त्यामुळेच शाळा सुटली असेल. म्हणून मोबदला किती, याच्या आधी मुलाला नकार देता येतो का, हे पाहावे. घरमालकाच्या घागरी भाडेकरूचा मुलगा वाहत असेल, तर तो 'नाही' म्हणू शकत नाही. त्याच्या कामाला शेजारधर्म म्हणणे ही फसवणूक होय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचे तसे नाही. त्यांनी मुलाच्या आईवडिलांशी बोलून आठवड्याचा दर ठरवावा आणि अभ्यासाच्या वेळेत हाक मारू नये. परीक्षेच्या दिवशी मुलगा येणार नाही. त्या दिवशी टँकरपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाला तरी त्यांनी विनंती करावी, आणि त्याने दहा रुपये नाकारले तर आग्रह करू नये.