थेम्सकाठची काँक्रीटची खोली

लेकीकडे ऑक्सफर्डला गेले होते. लेचलेडजवळ थेम्सच्या काठी गवतात काँक्रीटची बसकी, सहाकोनी खोली दिसली. मला वाटलं, पंपाची खोली! जावई म्हणाले, "आई, हा पिलबॉक्स. दुसऱ्या महायुद्धातला."

१९४० साली फ्रान्स पडला. आता जर्मन फौजा इकडे उतरणार, ही धास्ती. म्हणून नद्यांनाच खंदक मानून काठाकाठाने अशा खोल्या घाईघाईने बांधल्या. जाड भिंती, बंदुकीपुरत्या फटी. आत वाकून पाहिलं, फटीतून नदी तेवढी दिसते.

शत्रू आलाच नाही. खोल्या मात्र राहिल्या, काहींत आता वटवाघळं नांदतात.

गावं राखायला तेव्हा होमगार्ड उभं केलं, सतरा ते पासष्ट वयाच्या पुरुषांचं. घरं काय फक्त त्यांचीच होती? बायकांना १९४३ मध्ये घेतलं, तेही मदतनीस म्हणून. हातात बंदूक नाहीच.