डबल बेल, तर्री आणि मुशी मासा

पुण्याजवळच्या मुळशी तालुक्यात, पौडच्या बसमध्ये ‘कंडक्टर’ म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे काळा कोट आणि पांढरी छडी येत नाही. येतं ते तिकिटाचं यंत्र, सुट्ट्या पैशांवरून झालेली झकाझकी आणि ‘पुढे सरका, पुढे मोकळं आहे’. खरं तर वाद्यवृंदाच्या कंडक्टरची नोकरीही तीच. गाडी स्वतः चालवायची नाही, पण याने डबल बेल दिल्याशिवाय ती हलायची नाही. रंगमंचावर ऐंशी-नव्वद माणसं वाजवत असतात आणि ज्याच्या नावाने तिकिटं खपलेली असतात, तो एकटाच काही वाजवत नसतो!

‘ऑर्केस्ट्रा’ शब्दाचीही तीच गत. आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत मांडवासमोर हिंदी गाणी आणि मधूनमधून निवेदकाचे विनोद. मूळ ग्रीक शब्दाचा संबंध मात्र नाचण्याशी. प्राचीन ग्रीक नाट्यगृहात ज्या गोल जागेत कोरस नाचायचा, ती ऑर्केस्ट्रा. म्हणजे मांडवासमोर नाचणारी पोरंच व्युत्पत्तीला धरून वागतात, खुर्चीत बसणारे आपण चुकतो.

आता मुशी. मुळशी नव्हे, मुशी मासा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात डॉक्टर व्हायच्या वाटेवर असलेल्या एका पारशी मुलाला प्रयोगशाळेत ही मुशी कापायला सांगितली आणि तो उठून जो बाहेर पडला तो थेट व्हिएन्नाला पोचला, असं ते स्वतःच सांगतात. साल १९५४, वय १८, नाव झुबिन मेहता. मुशीच्या कालवणाने अनेकांचं भलं केलंय, पण संगीतावर एवढे उपकार दुसऱ्या कुठल्या माशाने केले नसतील.

व्हिएन्नाच्या अकादमीत हान्स स्वारोव्स्की गुरू होते. मोठमोठ्या कंडक्टरांच्या तालमी बघायला विद्यार्थ्यांना आत सोडत नसत. मग झुबिन आणि त्यांचा वर्गमित्र क्लाउदिओ अबादो यांनी काय करावं? दोघे तिथल्या गायकवृंदात खालच्या पट्टीचे गायक म्हणून भरती झाले! गायकाला तालमीत कोण अडवणार? तोंडाने गायचं आणि डोळे कारायानसारख्या नामवंत कंडक्टरच्या हातांवर ठेवायचे. पुढे हा अबादो बर्लिन फिलहार्मोनिकचा प्रमुख झाला. फुकट तालीम बघण्याची ही युक्ती आपल्या नाट्यवेड्या पोरांनाही परकी वाटू नये. पडदा ओढायचं काम पत्करून अख्खं नाटक पाठ केलेले कितीतरी जण पुण्यात सापडतील.

१९५६च्या अखेरीस हंगेरीतला उठाव चिरडला गेला आणि निर्वासितांचे लोंढे ऑस्ट्रियात आले. विशीतल्या झुबिननी सात दिवसांत विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद उभा केला आणि व्हिएन्नाबाहेरच्या निर्वासितांच्या छावणीत जाऊन कार्यक्रम केला. सात दिवस! आपल्याकडे गॅदरिंगच्या समितीत खजिनदार कोण हे ठरायलाच आठवडा जातो. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, इस्रायल इथल्या वाद्यवृंदांची नावं त्यांच्यापुढे नंतर लागली. व्हिएन्नाचा नववर्षाचा सुप्रसिद्ध कार्यक्रमही त्यांनी पाच वेळा केला. माझ्या लेखी त्यांची पहिली मोठी मैफल छावणीतलीच.

झेवियर्सच्या आवारातली आणखी एक गोष्ट. १९५८ साली तिथल्या चौकात भारतीय संगीत वाजवणारा एक भलामोठा सिंफनी वाद्यवृंद बसला. समोर गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. तो उभा करणारा माणूस गोव्यातल्या माजोर्ड्याचा, चित्रपटांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारा. त्याच्याकडे व्हायोलिन शिकलेला एक मुलगा पुढे ‘लक्ष्मीकांत-प्यारेलाल’मधला प्यारेलाल झाला आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’त त्याने गुरुदक्षिणा दिली. होय, अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ ज्या नावाने नाचतो, ते अँथनी गोन्साल्विस खरोखर होते. गाणं गाजलं तेव्हा ते चित्रपटसृष्टीपासून केव्हाच दूर गेलेले होते. १९६५मध्येच ते न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले होते.

विद्यापीठाच्या वाद्यवृंदाला छडी दाखवणारा अस्सल मुंबईकर हवा असेल, तर मात्र झुबिन यांच्या वडिलांकडे जायला हवं. मेहली मेहता, जन्म १९०८. १९३५ साली त्यांनी मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला. नंतर मँचेस्टरच्या हाले ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं, मग अमेरिका गाठली. १९६४ साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, त्यांनी दोन कामं एकदम अंगावर घेतली: लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातल्या वाद्यवृंदाची जबाबदारी आणि तरुण वादकांसाठी ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ची स्थापना. विद्यापीठातलं काम १९७६पर्यंत चाललं, यूथ सिंफनीची छडी मात्र त्यांनी नव्वदीला टेकल्यावर, १९९८मध्ये खाली ठेवली. यूसीएलएच्या काळात त्याच शहराच्या मुख्य वाद्यवृंदासमोर मुलगा उभा असायचा. बाप पोरांना शिकवतोय आणि पोरगा थोरांना! मेहली २००२मध्ये गेले. साठ वर्षं चाललेली यूथ सिंफनी २०२४मध्ये बंद पडली.

पण ही झाली मोठ्यांनी चालवलेली मुलांची मंडळी. सगळा कारभार मुलांच्याच हाती असलेला वाद्यवृंद बघायचा तर हार्वर्डला जावं लागतं. तिथला बाख सोसायटी ऑर्केस्ट्रा १९५४चा, म्हणजे झुबिन यांनी मुंबई सोडली त्याच सालचा. वादक विद्यार्थी, जमाखर्च बघणारे विद्यार्थी आणि कंडक्टरही विद्यार्थीच. या पोरवयातल्या कंडक्टरांपैकी एक जॉन अ‍ॅडम्स. पुढे ते संगीतकार झाले आणि २००३मध्ये त्यांना पुलित्झर मिळालं. दुसरे अ‍ॅलन गिल्बर्ट, आणि त्यांची कथा तर दिवाळी अंकाला शोभेल अशी. ते ऐंशीच्या दशकात हार्वर्डच्या मुलांना ताल दाखवत होते, तेव्हा त्यांचे आईवडील न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवत होते. समोर कंडक्टर कोण? झुबिन मेहता! २००९मध्ये त्याच जागेवर गिल्बर्ट स्वतः येऊन उभे राहिले, आणि आई अजून व्हायोलिन घेऊन समोरच बसलेली. आईला ‘तुमचा सूर जरा चढा लागतोय’ हे कोणत्या शब्दांत सांगायचं, हे हार्वर्डात शिकवत असतील असं वाटत नाही.

या धंद्यात जोखीम नाही असं समजू नका. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारी जाँ-बातीस्त लुली जमिनीवर जड काठी आपटून ताल धरायचा. १६८७च्या जानेवारीत राजा दुखण्यातून उठला म्हणून केलेल्या कार्यक्रमात काठी स्वतःच्याच पायावर बसली. जखम चिघळली, त्याने पाय कापू दिला नाही आणि मार्चमध्ये गेला. आताची छडी हलकी असते हेच बरं.

आणि मुळशी? लवळ्याच्या टेकड्यांवर सिंबायोसिस आणि फ्लेम ही दोन विद्यापीठं आहेत, पौडजवळ खुबवलीला महिंद्रा कॉलेजात देशोदेशीची मुलं शिकतात. पण इथला जुना वाद्यवृंद गावातला. मुळशी-मावळातली ढोल-लेझीम पथकं गणपतीत पुण्यात येत, ती शहरातल्या पोरांनी ढोल कमरेला बांधण्याच्या कितीतरी आधीपासून. आता कॉलेजची मुलं गणपतीच्या महिना-दोन महिने आधी मुठेच्या पात्रालगत सराव करतात. ती मुठा येते तीही मुळशी तालुक्यातूनच, टेमघरहून.

या पथकाचा कंडक्टर ओळखायचा कसा? ध्वज नाचवणाऱ्याकडे बघू नका, फोटो त्याचे निघतात एवढंच. ढोलवाल्यांच्या नजरा कुठे आहेत ते बघा. ढोलावर टिपरू आणि थापी पडते, पण कुठला हात, म्हणजे तालाचा तुकडा, धरायचा आणि कधी तोडायचा, हे ताशावाला सांगतो. त्या गदारोळात शब्द ऐकू येणं शक्यच नाही, म्हणून एक शिट्टी, वर गेलेली दोन बोटं, नाहीतर नुसती मान. मग त्याच्या काड्यांतून तर्री, म्हणजे ताशाचा सलग कडकडाट, सुटते आणि दोन्ही बाजूंच्या रांगा एकदम उचलतात. हा कंडक्टर सगळ्यांना वाजवायला लावून स्वतः गप्प बसत नाही, उलट सगळ्यांत जास्त हात त्याचेच चालतात. बिचाऱ्याला काळा कोट नसतो, झब्बा मात्र पहिल्या दहा मिनिटांत पाठीला चिकटलेला असतो.