टेक पत्रकार व्हायचंय? आधी पिच लिहायला शिका

तंत्रज्ञानावर लिहायची हौस असलेली बरीच मुलं फोनच्या रिव्ह्यूपाशीच अडकतात. त्यांच्यासाठी ही पोस्ट.

'द ओपन नोटबुक' ही 2010 साली सुरू झालेली अमेरिकन संस्था विज्ञान पत्रकारितेची कला शिकवते. नवोदितांसाठी तिची फेलोशिप आहेच, पण खरा खजिना म्हणजे तिचा पिच-संग्रह. पिच म्हणजे लेखाची कल्पना संपादकाला सुचवणारं पत्र. संपादकांनी स्वीकारलेली मूळ पत्रं तिथं जशीच्या तशी वाचायला मिळतात, तीही फुकट! एखादं पत्र आणि त्यातून छापून आलेला लेख शेजारी ठेवून वाचा. बातमी काय, आत्ताच का, बोलणार कोणाशी, हे चार-पाच परिच्छेदांत कसं बसवलंय ते दिसतं. माझ्या मते कित्येक महागड्या कोर्सपेक्षा हे जास्त शिकवतं.

अमेरिकेत विज्ञान-अभियांत्रिकी शिकत असाल तर 'ट्रिपल ए एस' (AAAS) या अमेरिकन विज्ञान संस्थेची मास मीडिया फेलोशिप बघा. 1975 पासून ती विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दहा आठवडे थेट न्यूजरूममध्ये पाठवते. एआयबद्दल लिहायचं असेल तर पुलित्झर सेंटरची 'एआय स्पॉटलाइट' प्रशिक्षणमाला आहे. पत्रकार कॅरन हाओ यांनी ती आखली.

आज रात्री त्या संग्रहातलं एक तरी पिच वाचा, आणि मग स्वतःचं लिहायला घ्या.