हेड गॅस्केट : पातळ पत्रा, मोठी जबाबदारी

चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला, तरी ‘वर पोहोचल्यावर पाहू’ असे म्हणत गाडी पुढे रेटणारे चालक कमी नाहीत. या घाईची किंमत बहुधा हेड गॅस्केटला मोजावी लागते.

इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरील सिलिंडर हेड यांच्यामध्ये बसणारे हे पातळ अस्तर एकाच वेळी तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या ठेवते : सिलिंडरमधील जळता वायू, कूलंट आणि ऑइल. अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे असते. उष्णतेने ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे इंजिन अतिशय तापले की हेड वाकते आणि गॅस्केटची पकड सुटते.

लक्षणे कोणती?

बाहेर कुठेही गळती नसताना कूलंट कमी होणे, इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून दाट पांढरा धूर येत राहणे, रेडिएटरमध्ये बुडबुडे उठणे आणि ऑइलला दुधाळ रंग येणे, ही प्रमुख लक्षणे होत. मात्र एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. कॉम्प्रेशन तपासून खात्री केल्यावरच इंजिन उघडावे.

पहिल्यांदाच काम करताना

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे; गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते कूलंट अंगावर उसळते. बॅटरीची जोडणी काढून कूलंट आणि ऑइल रिकामे करावे. कूलंट विषारी असते आणि चवीला गोडसर असल्याने कुत्री-मांजरे ते चाटतात. म्हणून ते झाकणबंद डब्यात ठेवावे. टायमिंगच्या खुणा जुळवून त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत.

हेडचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, टप्प्याटप्प्याने सैल करावेत. हेड उतरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. ते सपाट आहे की नाही, हे सरळ पट्टी आणि फीलर गेजने पाहावे. वाकण्याची मर्यादा मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजली जाते. ती ओलांडली असल्यास हेड फेसिंगसाठी वर्कशॉपमध्ये द्यावे, अन्यथा नवे गॅस्केटही फार टिकणार नाही. दोन्ही पृष्ठभाग ओरखडे न पाडता स्वच्छ करावेत. बोल्टच्या छिद्रांत ऑइल किंवा पाणी राहू देऊ नये. बोल्ट आवळताना अडकलेल्या द्रवाच्या दाबाने ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

नवे गॅस्केट योग्य बाजू वर ठेवूनच बसवावे. बोल्ट मात्र मध्याकडून बाहेर, टॉर्क रेंचने, कंपनीच्या पुस्तिकेतील क्रमाने आणि मापानेच आवळावेत. अनेक इंजिनांत हे बोल्ट आवळताना ताणले जातात. ते पुन्हा वापरता येत नाहीत.

सुरू करण्यापूर्वी

टायमिंग जुळवल्यावर क्रँकशाफ्ट पान्ह्याने हळूहळू दोन पूर्ण फेरे फिरवावा. कुठे अडला तर जोर न लावता टायमिंग पुन्हा तपासावे, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतील. त्यानंतर नवे ऑइल, नवा फिल्टर आणि कूलंट घालून यंत्रणेतील हवा काढावी.

टॉर्क रेंच किंवा पुस्तिका हाताशी नसेल, तर हे काम अनुभवी मिस्त्रीकडे सोपवणेच शहाणपणाचे. शिवाय इंजिन मुळात का तापले, तो दोष पंख्यात, थर्मोस्टॅटमध्ये, वॉटर पंपात की रेडिएटरमध्ये आहे, हे शोधल्याशिवाय दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये. काटा चढू लागताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करणे, हा यावरील सर्वांत स्वस्त उपाय आहे.