आधी माल ठरवा, मग मशीन!

भांडी बाजारात तांब्या-पितळेच्या भांड्यांवर नावं घालून देतात, हे नाशिककरांना नवं नाही. तेच काम लेझरनं करायचा छोटा धंदा काढताय? मग ‘किती वॅटचं?’ हे नंतर. आधी ‘कशावर कोरणार?’ ते ठरवा.

लाकूड, चामडं, ॲक्रिलिक असेल तर सीओटू लेझर. तांबं, पितळ, स्टील असेल तर फायबर. उघड्या धातूवरून सीओटूचा किरण बहुतांशी परततो. स्वस्तातला निळा डायोड लाकडावर चालतो, पण पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार जातो. पीव्हीसी कशातच घालू नका, विषारी वायू सुटतो. चष्मा त्याच लेझरच्या तरंगलांबीचा हवा.

घरच्यांकडून घेतलेले पैसे मोजण्याआधी आपला माल घेऊन विक्रेत्याकडे जा आणि डोळ्यांसमोर कोरून घ्या. मगच बोला भाव!