‘दादाला सांगू नकोस हं!’

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी डबा द्यायला मावशीकडे गेले, तर तिच्या कोपराला हळद लावलेली. विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, दाराला घासलं." चहा पिताना मात्र हळूच बोललीच, "रात्री बाथरूममध्ये पाय घसरला. पण दादाला सांगू नकोस हं! तो लगेच न्यायला येईल."

मावशी ७८ वर्षांची. काका गेल्यापासून सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत एकटीच राहते. दादा, म्हणजे माझा मावसभाऊ, बेंगळुरूला. आईची मनापासून काळजी करणारा. पण मावशीचं सगळं विश्व इथंच. मंगळवारचं भजनी मंडळ, ओळखीचा भाजीवाला, शेजारच्या काकू. तिचा जीव दुखवू नये म्हणून मी गप्प बसले. तिथंच माझं चुकलं.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा पडली. रात्रीचे दोन वाजलेले, दाराला आतून कडी, फोन बाहेरच्या खोलीत. सकाळी सहाला दूधवाल्याला आतून कण्हण्याचा आवाज आला, तेव्हा कुठे शेजाऱ्यांनी दार तोडलं. मनगट मोडलं होतं. चार तास ती ओल्या फरशीवर पडून होती.

डॉक्टरांनी विचारलं, "याआधी कधी पडल्या होत्या का?" मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "एकदा पडलेलं माणूस पुन्हा पडण्याची शक्यता जास्त असते. पहिल्याच वेळी सांगायला हवं होतं," डॉक्टर म्हणाले.

ज्येष्ठ नागरिक संघाच्या कामानिमित्त मी बऱ्याच घरी जाते. त्यानंतर मी हा प्रश्न तिथंही विचारू लागले. आधी सगळे हसण्यावारी नेतात. सून चहा टाकायला आत गेली की हळूच सांगतात. भीती एकच, खरं सांगितलं तर घर सुटेल! म्हणजे आपली काळजीच त्यांचं तोंड बंद करते की काय?

दादा आला. माझ्यावर चिडला, ते बरोबरच होतं. मग तिघांनी बसून ठरवलं. मावशीनं पडणं, चक्कर, काहीही लपवायचं नाही आणि दादानं लगेच "चल बेंगळुरूला" म्हणायचं नाही. आधी घर बदलून बघायचं.

फार खर्चही आला नाही. बाथरूममध्ये आणि कमोडशेजारी भिंतीत पक्की स्टीलची दांडी बसवली. टॉवेलच्या रॉडला धरू नये, तो वजन पेलत नाही. अंघोळीला न घसरणारं स्टूल, पलंगापासून बाथरूमपर्यंत रात्रभर मंद दिवा. गुळगुळीत पायपुसणी काढली. माळ्यावरचे रोजचे डबे खाली आणले. कडीऐवजी लॅच बसवलं आणि एक किल्ली काकूंकडे दिली. मोबाइल पिशवीत घालून गळ्यात. रोज सकाळी सातला मावशीचा मला मिस्ड कॉल. नाही आला, तर मी काकूंना फोन करते.

डॉक्टरांनी तिच्या गोळ्याही तपासल्या. ब्लडप्रेशरच्या किंवा झोपेच्या गोळ्यांनी काहींना उठताना चक्कर येते. म्हणून आता ती उठली की आधी दोन मिनिटं पलंगाच्या कडेला बसते. चष्म्याचा नंबरही तपासून घेतला. पोलीस चौकीत एकटी राहत असल्याची नोंद केली. फोनजवळ मोठ्या अक्षरात दोन नंबर लिहिले. तातडीसाठी ११२ आणि ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७.

कधीतरी हे घर सोडावं लागेलही, हे मावशीला कळतं. पण तो निर्णय तिच्याशी बोलून व्हावा, तिच्या पडण्याची शिक्षा म्हणून नव्हे, एवढंच तिचं म्हणणं.

परवा सातच्या मिस्ड कॉलऐवजी खराच फोन आला. "अगं, आज उठताना जरा गरगरलं. घाबरू नकोस, बसून आहे. दादाला मीच सांगितलंय."

मैत्रिणींनो, या रविवारी आई-वडिलांकडे, सासू-सासऱ्यांकडे गेलात, तर बाथरूममध्ये एकदा डोकावून बघा. आणि "पडलात का कधी?" असं विचारण्याआधी एवढं नक्की सांगा, "खरं सांगितलंत म्हणून तुम्हाला इथून कुणी हलवणार नाही."